आतली वाट

संध्याकाळी पावणेसहा वाजता मच्छिंद्र गोसावी कुंपणात गेला. तिसरी चक्कर होती, दुसरं वळण. तो माझ्या डाव्या हाताला होता आणि तिथून माझ्या पुढच्या चाकासमोरून आडवा गेला, इतक्या जवळून की त्याच्या चाकानं उडवलेली माती माझ्या चष्म्यावर लिंपली. मी चष्म्यावरचा पातळ पडदा ओढून टाकला आणि समोर बघितलं, तर समोर कोणीच नव्हतं.

गाव हंगेरीतलं, रोमानियाच्या सीमेजवळचं. स्पीडवेच्या विश्वविजेतेपदाची पात्रता फेरी तिथं होती. सोळा जण उतरले होते आणि पहिले चार पुढं जाणार होते. सगळ्या शर्यती संपल्या तेव्हा तीन नावं नक्की झाली. चौथ्या जागेसाठी दोघांचे गुण सारखे होते: माझे आणि मच्छूचे. दोघंही कोल्हापूरजवळच्या शिरोलीचे, एकाच संघाचे, पाठीवर एकाच फौंड्रीचं नाव. म्हणून आम्हा दोघांचीच एक जादा शर्यत लावली होती. चार चकरा, आणि जो पुढं राहील तो जाणार.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोटारसायकली पळवायला मातीचं अंडाकृती रिंगण असतं आणि सगळी वळणं डावीकडची. गाडीला ब्रेक नसतो, गिअर एकच. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, डावा पाय जमिनीला टेकवायचा आणि गाडी आडवी करून न्यायची. आतली वाट जवळची, पण दिवसभरात ती घासून फरशीसारखी गुळगुळीत होते. बाहेरची लांबची, पण उडालेली सगळी माती तिकडं जाऊन साठते आणि चाकाला पकड मिळते. बहुतेकांचा स्वभाव या दोन्हींपैकी एकीकडं असतो. मी आतला होतो. मच्छू बाहेरचा.

आमचा संघ म्हणजे भूपाल मगदूम. सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. तरुणपणी ते ओतकाम शिकायला इंग्लंडला गेले आणि येताना हे वेड घेऊन आले. फौंड्रीतली जळकी काळी वाळू बाकीचे कारखानदार ट्रक लावून कुठंतरी नेऊन ओतायचे. आण्णांनी ती कारखान्याच्या मागच्या जागेत पसरली, रोलर फिरवला आणि रिंगण केलं. त्या रिंगणावर मी पाच वर्षं एकटा होतो. म्हणजे पोरं यायची, हाडं मोडून घेऊन जायची. टिकलो मी.

मच्छूला आण्णांनी मिरजेच्या उरुसात पाहिला. तो मौत का कुआँमध्ये गाडी चालवायचा. लाकडी विहिरीच्या भिंतीवर आडवा फिरत, हात सोडून, वर उभ्या असलेल्या लोकांच्या हातातल्या नोटा खेचून घ्यायचा. त्याचे वडीलही तेच करायचे. आण्णा त्याला जीपमध्ये पुढं बसवून शिरोलीला घेऊन आले. जीपमधली ती जागा माझी होती.

पहिल्याच दिवशी त्यानं गाडी घातली ती सरळ कुंपणाकडं. जिथं आम्ही कोणी जात नव्हतो तिथून, पत्र्याला खांदा घासेल इतक्या बाहेरून, त्यानं पूर्ण चक्कर मारली. त्याला ते धोक्याचं वाटतच नव्हतं. भिंत जवळ असली की त्याला बरं वाटायचं. मी आण्णांकडं बघितलं. आण्णा हसत होते. पाच वर्षांत मी पुण्यात जिंकलो होतो, बंगळुरात जिंकलो होतो. जिंकून आलो की आण्णा म्हणायचे, "बरं झालं," आणि गाडीची साखळी तपासायला बसायचे. त्यांचे पुढचे दात सोन्याचे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं दोन वर्षं हे असंच चाललं. तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं. नवीन इंजिन आलं ते आण्णांनी मलाच दिलं. पण संध्याकाळी फौंड्रीचा भोंगा झाला की ते मच्छूशी बोलत उभे राहायचे. त्याच्या चुका काढायचे, शिव्या घालायचे, पुन्हा चालवायला लावायचे. माझ्या चुका काढणं त्यांनी बंद केलं होतं. एकदा मी मुद्दाम वळण चुकवलं. आण्णांना ते दिसलं, पण ते काही बोलले नाहीत.

आण्णांच्या रिंगणाचा एक नियम होता. गाडीबद्दल, वाटेबद्दल एकानं दुसऱ्याला विचारलं की खरं सांगायचं. पहिल्या वर्षी एका मुलाच्या गाडीचा गॅस, म्हणजे मुठीतला ॲक्सिलरेटर, अडकत होता. त्यानं ते लपवलं आणि ती गाडी घेतलेल्या दुसऱ्याचा जबडा गेला. तेव्हापासूनचा हा नियम. विचारलं नाही तर सांगायची सक्ती नव्हती. मच्छूनं दोन वर्षांत मला कधी काही विचारलं नाही. मी त्याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

हंगेरीला आम्ही तिघंच गेलो. मेकॅनिकचा खर्च परवडणारा नव्हता म्हणून दोन्ही गाड्या आण्णांनीच बघायच्या असं ठरलं होतं. आण्णांच्या घरून काकूंनी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून दिली होती, ती आम्ही तंबूत बसून खाल्ली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. वडिलांचं शाहूपुरीत पंपांचं दुकान होतं आणि हे शेवटचं वर्ष असं मी त्यांना कबूल केलं होतं. मच्छू बावीसचा. त्याला कोणी काही कबूल करायला लावलं नव्हतं.

दुपारी पहिल्याच शर्यतीत त्यानं तिथल्या स्थानिक विजेत्याला बाहेरून मागं टाकलं. ध्वनिक्षेपकावरच्या माणसाला त्याचं नाव धड घेता येईना, पण तो ते पुन्हा पुन्हा घेऊ लागला आणि तिसऱ्या शर्यतीपर्यंत लोकही त्याच्याबरोबर ओरडायला लागले. माझं नाव त्या माणसाला अगदी स्वच्छ घेता यायचं. घ्यायची वेळ फारशी आली नाही. मी दुसरा येत होतो, नेमानं.

आमची दोघांची गाठ एकाच शर्यतीत पडली. शेवटच्या वळणापर्यंत मी आतून पुढं होतो. तिथं तो बाहेरून आला आणि गेला. संपल्यावर रीतीप्रमाणं त्यानं माझ्याकडं हात केला. मी हातमोजा काढण्यात गुंतलो होतो.

तो पहिल्या तिघांत सहज आला असता, पण सुरुवातीची जागा प्रत्येक शर्यतीत बदलते आणि शेवटच्या शर्यतीत त्याच्या वाट्याला अगदी आतली जागा आली. बाहेर यायला त्याला वाव मिळाला नाही. बाकीचे तिघं त्याच्या उजवीकडं भिंतीसारखे उभे. आतल्या गुळगुळीत मातीवर तो नवशिक्यासारखा चाचपडला आणि शेवटचा आला. शून्य गुण. तंबूत आल्यावर तो आण्णांना म्हणाला की आत काहीच हाताला लागत नाही, ओल्या फरशीवर चालल्यासारखं वाटतं. आण्णा त्याच्यावर खेकसले. मी ते सगळं ऐकत होतो. मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

जादा शर्यतीसाठी पंचांनी आम्हा दोघांना बोलावलं. नाणं उडवलं. मी जिंकलो. जागा निवडायचा हक्क माझा झाला.

"बाहेरची," मी म्हणालो.

आण्णांनी मान वर केली. "बाहेरची?"

"हो."

"तू बाहेरनं कधी चालवलायस?"

"आत आता काही राहिलंय का आण्णा? सगळी माती बाहेर आहे."

हे खरं होतं. कुणीही हेच म्हटलं असतं. मच्छू केळं सोलत होता. त्याचा हात थांबला. मग त्यानं केळ्याचा घास घेतला आणि म्हणाला, "घ्या की दादा."

आण्णांनी गाड्यांकडं बघितलं. मागच्या चाकाला साखळी ज्या दातेरी चक्रावरून फिरते ते स्प्रॉकेट वाटेप्रमाणं बदलतात. आतून जाणाऱ्याला दाते जास्त लागतात. चाक पटकन सुटतं आणि घसरतं. बाहेरून जाणाऱ्याला दाते कमी लागतात. चाक माती धरून राहतं आणि गाडी लांब पल्ल्यानं पळते. दोघांच्या जागा बदलल्या म्हणजे दोघांची स्प्रॉकेट बदलायला हवी होती. पंचांनी घड्याळ दाखवलं. तेवढ्या वेळात एका माणसाच्या हातून एकच गाडी होणार होती.

"माझं करा आण्णा," मी म्हणालो.

ते माझ्या गाडीपाशी बसले. मी चाक धरलं, त्यांनी नट सोडले. कित्येक दिवसांनी ते असे फक्त माझ्या गाडीपाशी बसले होते. त्यांच्या टकलावर घाम आला होता आणि ते पुटपुटत होते, साखळी जरा वर घे, तसं नव्हे, सरळ धर. मला शिव्या बसत होत्या. मागं मच्छू उभा होता. त्याची सावली आमच्या दोघांवर पडली होती. आण्णांनी त्याला बाजूला हो म्हणून सांगितलं आणि तो झाला.

रिंगणाच्या फाटकापाशी आम्ही गाड्या ढकलत नेल्या. दोघांची इंजिनं बंद होती. आत ट्रॅक्टर शेवटचं पाणी मारून बाहेर पडत होता. मच्छूनं हेल्मेट घातलं नव्हतं. काखेत धरलं होतं. त्यानं माझ्याकडं वळून, वेळ विचारावी तसं विचारलं,

"दादा, आतनं कसं धरायचं?"

दोन वर्षांत पहिल्यांदा.

मी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्यात डाव नव्हता. त्याला येत नव्हतं आणि ज्याला येत होतं त्याला तो विचारत होता. तेही तोच माणूस थोड्या वेळात त्याला हरवायला निघालेला असताना. मला हे कधी जमलं नसतं. तेवढ्यावरूनही मला त्याचा राग आला.

"वळणात शिरताना गॅस सोडू नकोस," मी म्हणालो. "सगळे तिथंच चुकतात. वाटतं गाडी सरळ जाईल. वाटू दे. धरून ठेव, मागचं चाक आपोआप घसरून फिरतं."

"अजिबात सोडायचा न्हाई?"

"अजिबात नाही."

"बरं," तो म्हणाला आणि हेल्मेट चढवलं.

मी सात वर्षं तसंच चालवत होतो. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

सुरुवातीच्या रेषेवरची फीत वर गेली. तो आतून, मी बाहेरून. पहिलं वळण आतून जवळ पडतं, म्हणून तो पुढं निघाला आणि मला दिसलं की त्यानं गॅस सोडला. वळणात शिरताना थोडा सोडला, मध्यावर पुन्हा दिला. इंजिनाच्या आवाजावरून ते कळतं. असं कोणी चालवत नाही. त्यानं ते जागच्या जागी शोधून काढलं होतं आणि ते चाललं. गाडी डुगडुगत का होईना वळली. पुढच्या वळणावरही त्यानं तेच केलं. मी बाहेरच्या मातीत होतो आणि गाडी मला नीट ऐकत नव्हती. दोन चकरा संपल्या तेव्हा तो माझ्यापुढं गाडीभर होता. लोक त्याचं नाव घेत होते. माझ्या डोक्यात एकच होतं: त्यानं माझं ऐकलं नाही. मी खरं सांगितलं आणि त्याला ते खोटं वाटलं. त्यानं मला ओळखलं आहे.

तिसऱ्या चकरेत बाहेरच्या मातीनं मला धरलं. सरळ पट्ट्यावर मी त्याच्या बरोबरीला आलो. त्यानं मान किंचित वळवली, मला पाहिलं. दुसऱ्या वळणात आम्ही एकत्र शिरलो आणि मी ऐकलं, या वेळी त्यानं गॅस सोडला नाही. एकसारखा, भरलेला आवाज. मागचं चाक फिरायला हवं होतं. फिरलं नाही. चाकानं माती पकडली, गाडी ताठ उभी झाली आणि बाणासारखी सरळ सुटली, माझ्यापुढून, कुंपणाकडं.

शर्यत थांबवली. पंचांनी मला तंबूत जायची खूण केली. निकाल ध्वनिक्षेपकावर सांगितला. माझं नाव स्वच्छ घेतलं. चौथी जागा. मी आण्णांना शोधलं. ते रिंगण ओलांडून धावत होते. त्या वयाच्या माणसानं इतक्या वेगानं धावू नये.

उजवी मांडी मोडली होती आणि कंबरेच्या हाडाला तडा गेला होता. गावातलं रुग्णालय लहान होतं. बाहेर अजून उजेड होता. आम्हाला आत सोडलं तेव्हा मच्छू शुद्धीवर होता. औषधानं जीभ जड झाली होती, पण बोलत होता. मी पलंगाच्या पायाशी उभा राहिलो. आण्णा उशाशी बसले. त्यांच्या हातांना अजून साखळीचं काळं वंगण होतं.

आण्णांनी त्याला गप्प पडायला सांगितलं. तो गप्प राहिला नाही.

"भ्यालो मी आण्णा. दादांनी सांगितलं गॅस सोडू नको, मी दोन चकरा सोडला. मग दादा शेजारी आले. म्हटलं, आता तरी ऐकावं."

"मग?"

"मग काय. धरून ठेवला. सांगितलं तसं. दादांनी बरोबरच सांगितलं असणार. माझंच चुकलं कायतरी."

 आण्णा माझ्याकडं बघत नव्हते, स्वतःच्या हातांकडं बघत होते.

"तुझं काय चुकलं न्हाई," ते म्हणाले. "चाक फिरायला दाते जास्त लागतात. ह्याचं मी बदललं. तुझं बाहेरचंच ठेवलं. त्या दात्यांवर गॅस सोडूनच जायला पायजे. तू करत होतास तेच बरोबर होतं."

मच्छूनं डोळे मिटले. त्याला कळलं म्हणून की झोप लागली म्हणून, ते समजलं नाही.

बाहेर पडवीत एक नळ होता. आण्णा तिथं हात धुऊ लागले. वंगण नुसत्या पाण्यानं जात नाही, तरी ते चोळत राहिले. पाठ माझ्याकडं होती.

"त्यानं इचारलं तेव्हा तुझ्या ध्यानात आलं न्हाई?"

"नाही," मी म्हणालो.

"आत्ताच तर तुझं बदललं होतं."

"नाही आलं आण्णा."

त्यांनी नळ बंद केला.

"माझ्याबी न्हाई आलं," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यांना काय म्हणायचं होतं हे मला ठरवता आलेलं नाही. काही वर्षं मी ते दिलासा म्हणून घेतलं, काही वर्षं दुसऱ्या अर्थानं. त्या फाटकापाशी माझ्या डोक्यात काय होतं आणि काय नव्हतं, हेही मी पुष्कळदा तपासलं आहे. दर वेळी उत्तर तेच येतं. फक्त ते ऐकणारा मीच असतो.

पुढची फेरी जर्मनीत होती. आण्णा आले नाहीत. ते मच्छूपाशी राहिले, महिनाभर, एका पाद्र्याच्या घरी खोली घेऊन. रुग्णालयातल्या लोकांना हातवारे करून त्याच्यासाठी बिनमांसाचं जेवण मागायचे, आणि तो चोरून सॉसेज खायचा. हे मला नंतर मच्छूनंच हसत सांगितलं. जर्मनीत मी भाड्याचा मेकॅनिक घेतला. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. मला दोन गुण मिळाले. परत आल्यावर मी दुकानात बसलो.

शिरोलीत ही गोष्ट एका वाक्यात सांगतात: सुकुमारनं सांगितलं आणि मच्छू कुंपणात गेला. वाक्यात खोटं काही नाही, म्हणून मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

दीड वर्षानं मच्छू पुन्हा गाडीवर बसला. पाय थोडा आखूड झाला होता. तो बाहेरून कधीच गेला नाही. आतूनच, दर वेळी, गॅस न सोडता. त्या वाटेनं तो माझ्यापेक्षा दोन टप्पे पुढं गेला. वर्तमानपत्रवाले विचारायचे की ही आतली वाट कुठं शिकलास, तेव्हा तो माझं नाव सांगायचा. ते आभार होते की आणखी काही, हे छापलेल्या मजकुरावरून कळत नाही.

गेल्या महिन्यात आण्णांच्या फौंड्रीत नव्या भट्टीची पूजा होती. मला बोलावणं होतं, गेलो. मच्छू बायकोला घेऊन आला होता. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. सांगलीकडच्या, शाळेत शिकवतात.

"हे सुकुमारदादा," मच्छूनं त्यांना सांगितलं. "आतली वाट मला ह्यांनी सांगितली."

कोणीतरी त्याला हाक मारली म्हणून तो तिकडं वळला. त्यांनी मला नमस्कार केला आणि नमस्काराला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ माझ्याकडं पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "सांगितलंय यांनी मला."

काय सांगितलंय ते मी विचारलं नाही. पलीकडून प्रसादाचं ताट आलं. त्यांनी त्यातला एक द्रोण उचलून माझ्या हातात दिला.